गोराडू

चिमूटभर घ्यायची, थेंबभर पाणी. थुंकी नाही.
नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी एवढंच शिकवते.
अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबत दाबत पट्टी ओढायची.
डभोईकडची काळी बोटभर लांब येते,
लोंबकळते, तुटत नाही,
जेवायला बसलं तरी नखांत असते.
महीकाठची गोराडू पेराएवढीही येत नाही.
मोडते.
तिला धरून ठेवणं जमत नाही, कुणालाच.

एकतीस वर्षं कार्डं भरते आहे बडोद्यात.
आकडे गुजरातीत, पुटपुटणं दांडिया बाजारच्या मराठीत.
सामू आठ. सेंद्रिय कर्ब नावापुरता.
नत्र कमी, पालाश बरा.
खाली पुरुषभर खोल चुन्याचे खडे, वाटाण्याएवढे,
पाण्याने उतरवलेले आणि तिथेच विसरलेले.

रईबेन पढियार आली ती दुपारची, वजनकाटा झाकत होते तेव्हा.
दुधाच्या पिशवीत किलोभर माती,
तोंडाला साडीच्या काठाची चिंधी.
मी नेहमीचं विचारलं:
आठ ठिकाणची घेतलीत ना? व्ही आकाराचा खड्डा,
वीतभर खोल, सगळी मिसळून?
म्हणाली, एकाच ठिकाणची. तेवढंच ठिकाण उरलंय.
खेतर कोतरमां गयुं, बेन.

घळ अशीच येते गोराडूत.
वरून शेत जागच्या जागी, तुरीला फूलसुद्धा,
खाली पाणी बिळं पाडत असतं गुपचूप,
आणि एका सकाळी बांधावरचं बाभळीचं झाड
तीस हात खाली उभंच्या उभं सापडतं.

मग तपासायचं कशाला?

ती खुर्चीवर बसली नाही. दाराच्या चौकटीला टेकून बोलत राहिली.
तंबाखू व्हायची, पानं अशी, हाताएवढी.
बाजरी. एरंडी. ट्यूबवेल आल्यावर दोन वर्षं केळीसुद्धा.
काळीवाले पावसानंतर आठ दिवस बांधावर बसून राहतात,
आमचं दुसऱ्या दिवशी औत चालायचं.
(वाफशाला इकडे वराप म्हणतात.
हा शब्द ती असा म्हणाली
की मला माझा जुना वाटायला लागला.)
खत मागायची, हो. दरवर्षी मागायची.
गाडीभर घातलं की गाडीभर खाऊन मोकळी.
वीटवाला दोनदा येऊन गेला, वरचा हातभर थर द्या म्हणून.
दोनदा हाकलला.
आणि आता पोरगा हालोलला, कारखान्यात.
फोनवर म्हणतो, जाऊ दे बा,
जमीन मुळातच बरी नव्हती.

तर, कागदावर लिहून दे.

चार दिवस लागले.
आकडे पोराच्या बाजूने बोलत होते.
कर्ब: अल्प. नत्र: अल्प. स्फुरद: मध्यम, तेही ओढूनताणून.
क्षेत्र विचारणारा रकाना कोरा सोडला.
मग शेऱ्याच्या जागी, जिथे आम्ही सहसा रेघ मारतो,
लिहिलं:
निचरा उत्तम. खोली भरपूर. मशागतीला हलकी.
मुळं हवी तितकी खाली जाऊ शकतात.
सगळं खरं होतं.
निचरा उत्तम, म्हणूनच तर गेली,
हेही खरं होतं. त्याला कार्डावर जागा नव्हती.

तिला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं.
उत्तम हा शब्द तिने बोटाने विचारला, कुठला तो.
दाखवला.
कार्ड घडी न घालता पदराखाली धरलं.

निघताना म्हणाली, उरलेली परत दे.
नमुने आम्ही मागच्या अंगणात टाकतो,
शंभर गावांची माती एकत्र, तिच्यात कुणी न लावलेली एक पपई.
रईबेनची मात्र अजून टाकली नव्हती.
चुलीला भेग गेलीय, ती म्हणाली. लिंपायची आहे.

पिशवी, चिंधी, गाठ, तिची तिला दिली.
हातावर तोलली तिने, बाजारात तोलतात तशी,
आणि माझ्याकडे पाहिलं.
दोन मुठी कमी होती.
तेवढी मी आम्लात उकळून पाहिली होती.